१४६ कोटी ओळी, वजा दोन

९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या प्रणालीची तेरावी आवृत्ती आली, 'ट्रिक्सी' नावाची. (डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' सिनेमातल्या खेळण्यांची नावं देतात, ट्रिक्सी म्हणजे त्यातली निळी डायनोसॉर.) सोबतच्या निवेदनात तीन आकडे होते. पॅकेजेस, म्हणजे बसवायला तयार सॉफ्टवेअरचे गठडे, ६९,८३०. डिस्कवरची जागा ४०३ गिगाबाइट. आणि सोर्स कोडच्या ओळी १,४६,३२,९१,१८६.

हा शेवटचा आकडा ओळखीचा वाटला असेल तर त्याला कारण आहे. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने भारताची लोकसंख्या १४६ कोटी ३९ लाख धरली होती. डेबियनची एकेक ओळ दरडोई वाटायला घेतली, तर सगळा देश उरकून जेमतेम सहा लाख माणसं रिकाम्या हाताने परत जातील.

वाचायचं म्हटलं तर? एका ओळीला एक सेकंद, जेवण नाही, झोप नाही, सुट्टी नाही: ४६ वर्षं आणि वर चार-साडेचार महिने. पण हा हिशोबही खोटा आहे. आधीच्या आवृत्तीत, १० जून २०२३ रोजी आलेल्या 'बुकवर्म'मध्ये, १,३४,१५,६४,२०४ ओळी होत्या. म्हणजे ७९१ दिवसांत १२ कोटी १७ लाख ओळींची भर पडली, तीही जुनं काढून टाकल्यानंतरची. दिवसाला दीड लाखाहून जास्त, सेकंदाला पावणेदोन. वाचणारा सेकंदाला एक ओळ वाचतो आणि ढीग पावणेदोन ओळींनी वाढतो. तो रोज मागेच पडत जाणार. ओळ कशाला म्हणायचं, यावर वाद घालता येतो. निम्मा आकडा धरला तरी एका आयुष्यात ढिगाऱ्यापुढे माणसाची हारच आहे.

आणि हे सगळं १९९६ च्या जूनमध्ये, डेबियन १.१ च्या वेळी, ४७४ पॅकेजेसचं होतं. प्रकल्प सुरू केला इयन मर्डॉक या अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने, १६ ऑगस्ट १९९३ रोजी. पुढे २००० साली आलेल्या 'पोटॅटो' आवृत्तीतल्या ओळी स्पॅनिश संशोधकांनी मोजल्या तेव्हा साडेपाच कोटी भरल्या. कंपनीने पगारी माणसं ठेवून हे लिहून घेतलं असतं तर १.९ अब्ज डॉलर लागले असते, असाही अंदाज त्यांनी काढला. असल्या अंदाजांवर माझा फारसा विश्वास नाही. ओळी मोजून किंमत काढायची तर सगळ्यात बोजड लिहिणारा प्रोग्रॅमर सगळ्यात श्रीमंत ठरेल.

मोठे आकडे इथवर. पण पॅकेज बनवण्याच्या कामात मोठ्या आकड्यांना कुणी भीत नाही. त्यांच्यासाठी यंत्रं आहेत, रात्रभर चालणारे बिल्ड-सर्व्हर आहेत. या कामात भीती वाटावी ती लहान आकड्यांची.

डेबियनचं एखादं पॅकेज, म्हणजे 'डेब' फाइल, उघडून पाहा. आत फक्त तीन फाइली असतात, आणि त्या 'एआर' नावाच्या गठड्यात बांधलेल्या असतात. हे 'एआर' युनिक्सच्या अगदी पहिल्या दिवसांतलं, १९७१ चं. पहिली फाइल चार बाइटांची: दोनचा आकडा, टिंब, शून्य आणि ओळ संपल्याची खूण. गठड्याची रचना कुठल्या आवृत्तीची आहे एवढंच ती सांगते. दुसऱ्या फाइलीत नाव-गाव, आवृत्ती आणि या पॅकेजला आणखी काय काय लागतं याची यादी. तिसऱ्यात खरा माल, म्हणजे डिस्कवर कुठे काय ठेवायचं ते.

हा गठडा तयार करायचा तर सोर्स कोडशेजारी 'डेबियन' नावाचा एक फोल्डर लागतो, आणि त्यात 'रूल्स' नावाची फाइल. हल्ली सरळ वळणाच्या सॉफ्टवेअरसाठी ही फाइल तीन ओळींची असते. पहिली ओळ सांगते की ही 'मेक' या बिल्ड करणाऱ्या साधनाची फाइल आहे, दुसरी म्हणते 'काहीही मागितलं तरी', तिसरी म्हणते 'ते डीएच नावाच्या मदतनिसाला सांग'. मग तो मदतनीस डझनावारी छोटे कार्यक्रम ओळीने चालवतो: कॉन्फिगर, कंपाइल, चाचणी, फाइली जागच्या जागी लावणं, गठडा बांधणं. हे तीन ओळींचं प्रकरण लक्षात ठेवा. पुढे ते एका चोराच्या कामी येणार आहे.

आता कुणी विचारेल, जवळपास सत्तर हजार पॅकेजेस तयार असताना स्वतःचं वेगळं पॅकेज कशाला बनवायचं? कधी एखादी सोय नको असते, कधी हवी असलेली बंद असते, कधी चूक सापडलेली असते आणि दुरुस्ती वरून यायला वेळ लागणार असतो. कधी भाषेचं कारण असतं. डेबियनमध्ये लोहित देवनागरी फॉन्टचं एक पॅकेज आहे आणि खास मराठीसाठी दुसरं वेगळं, कारण आपले 'ल' आणि 'श' हिंदीच्या वळणाचे नसतात.

सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र एफएफएमपेगचं. व्हिडिओ-ऑडिओ एका प्रकारातून दुसऱ्यात नेणारं हे सॉफ्टवेअर फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलं. त्यातला प्रत्येक डीकोडर, एन्कोडर, फिल्टर बिल्डच्या वेळी वेगळा चालू किंवा बंद करता येतो, आणि असे डीकोडरच काहीशे आहेत. परवान्याचीही भानगड आहे. एफडीके-एएसी नावाचा ऑडिओ एन्कोडर आणि जीपीएल परवान्याखालचे भाग एकत्र घेऊन बिल्ड केलं तर बनलेलं पॅकेज तुम्ही स्वतः वापरू शकता, दुसऱ्याला देऊ शकत नाही. म्हणून तयार पॅकेजात ही जोडी सापडत नाही, ज्याला हवी त्याने पॅकेज घरी बनवायचं.

आता हिशोब करा. अशा चालू-बंद सोयीचं एक बटण असेल तर बिल्डचे दोन प्रकार. दोन बटणं, चार प्रकार. दहा बटणं, १,०२४. वीस बटणांना दहा लाखांच्या वर. तीस बटणांना शंभर कोटींच्या वर. आणि २७० बटणांना? १ वर ८१ शून्यं देऊन त्याची जवळजवळ दुप्पट. आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वातल्या एकूण अणूंचा रूढ अंदाज १ वर ८० शून्यं एवढा आहे. म्हणजे एफएफएमपेगची निम्मीशिम्मी बटणं हाताळली तरी विश्वात जेवढे अणू नाहीत तेवढे एफएफएमपेग तयार होऊ शकतात. काही बटणं एकमेकांवर अवलंबून असतात, त्यामुळे खरा आकडा थोडा खाली येईल. पण १ वर ८१ शून्यांमधून थोडं वजा केल्याने कुणाचं समाधान होणार आहे?

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, तर अशी बटणं दहा हजारांच्या वर आहेत, आणि त्यातल्या पुष्कळांना दोन नव्हे तर तीन बाजू: आत घाल, मॉड्यूल म्हणून बाजूला ठेव, किंवा वगळ. तीन बाजूंची बटणं असतील तर अणूंचा आकडा ओलांडायला १६८ बटणंच पुरतात. या अफाट पसाऱ्यातलं एक टोक उचलून 'माझ्यासाठी हे' असं म्हणणं म्हणजे स्वतःचं पॅकेज बनवणं. 'मेक बाइंडेब-पीकेजी' हा एक आदेश दिला की कर्नल स्वतःच स्वतःचं डेब बांधून देतं.

पॅकेज एकटं कधीच नसतं, हा पुढचा घोळ. याला ते लागतं, त्याला आणखी तिसरं, आणि चौथ्याचं तिसऱ्याशी पटत नाही. अमुक पॅकेज बसवणं शक्य आहे का, हा साधा दिसणारा प्रश्न किती अवघड, ते रोबेर्तो दि कॉस्मो आणि त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांनी २००६ साली सिद्ध केलं: तो 'एनपी-पूर्ण' आहे. म्हणजे गणकशास्त्रातल्या त्या कुप्रसिद्ध कुटुंबातला, ज्यांच्यासाठी वाईटात वाईट परिस्थितीत झटपट उत्तर देणारी युक्ती आजवर कुणालाही सापडलेली नाही. तुम्ही 'इन्स्टॉल' म्हणता आणि दोन सेकंदांत यादी येते, कारण खरी पॅकेजेस वाईटात वाईट परिस्थितीइतकी दुष्ट नसतात.

आता लहान आकड्यांकडे. मला विचाराल तर या साऱ्या क्षेत्रातला सगळ्यात भयंकर आकडा आहे ३२,७६८.

ओपनएसएसएल हे इंटरनेटवरच्या गुप्ततेचं जोतं म्हणता येईल असं सॉफ्टवेअर. बँकेची साइट, सर्व्हरवरचं लॉगिन, प्रमाणपत्रं, सगळ्यांना लागणाऱ्या किल्ल्या त्याच्या मदतीने तयार होतात. किल्ली सुरक्षित कधी? ती बनवताना वापरलेली संख्या कुणालाच ओळखता येत नाही तेव्हा. म्हणून ते सॉफ्टवेअर यंत्राच्या कानाकोपऱ्यातून यादृच्छिक बाइट गोळा करतं आणि एका साठ्यात घुसळतं. २००६ मध्ये डेबियनसाठी हे पॅकेज सांभाळणाऱ्याला एका तपासणी-साधनाने इशारा दिला: इथे किंमत न भरलेली मेमरी वाचली जाते आहे. तक्रार खरी होती. ओपनएसएसएलच्या मंडळींना विचारूनही झालं. मग त्याने दोन ओळी काढून टाकल्या. त्यातली एक खरोखर बिनकामाची होती. दुसरी होती बाहेरून आलेले यादृच्छिक बाइट साठ्यात मिसळणारी.

कार्यक्रम पूर्वीसारखाच चालू राहिला. किल्ल्या बनत राहिल्या आणि दिसायला अगदी कसलाही क्रम नसलेल्या, लांबलचक, जशा असाव्यात तशाच दिसत होत्या. पण त्यांच्या मुळाशी बदलणारी गोष्ट एकच उरली होती: त्या क्षणी चालू असलेल्या प्रोसेसचा क्रमांक. तेव्हाच्या लिनक्समध्ये तो क्रमांक ३२,७६८ च्या पुढे जात नसे.

१२८ बिटांची खरी यादृच्छिकता असती तर शक्यता किती? ३४ लिहून पुढे ३७ शून्यं, साधारण एवढ्या. सेकंदाला एक अब्ज तपासल्या तरी १ वर २२ शून्यं इतकी वर्षं लागतील. आणि ३२,७६८ शक्यता? सेकंदाला एकच तपासली, हातात चहाचा कप घेऊन, तरी ९ तास ६ मिनिटं. एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या सगळ्याच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा आधीच बनवून खिशात ठेवता येत होता.

सप्टेंबर २००६ पासून १३ मे २००८ पर्यंत, वीस महिने, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मधल्या काळात डेबियनची चौथी आवृत्ती 'एच' बाहेर पडली, डेबियनवर बेतलेल्या उबुंटूने तेच पॅकेज उचललं, आणि जगभरच्या सर्व्हरवर या किल्ल्या पसरल्या. लुचियानो बेल्लो यांनी दोष शोधला. मग नुसतं पॅकेज दुरुस्त करून भागेना, कारण बनलेल्या किल्ल्या तर लोकांच्या यंत्रांवर होत्याच, डेबियन न वापरणाऱ्यांच्याही. शेवटी त्या खराब किल्ल्यांच्या ओळखीच्या याद्या केल्या, आणि त्या याद्यांचंच एक पॅकेज करून वाटलं. 'ओपनएसएसएच-ब्लॅकलिस्ट' त्याचं नाव.

कोट्यवधी ओळींच्या ढिगातून दोन ओळी कमी. वरून सॉफ्टवेअर घ्यायचं आणि आपल्या सोयीने थोडं बदलायचं, यातला 'थोडं' हा शब्द किती महाग पडू शकतो याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. आणि दोष एकट्या माणसावर टाकणंही मला पटत नाही. त्या ओळींशेजारी 'ही हलवू नका, कारण...' अशी एक टीप असती, तर?

दुसरा लहान आकडा ०.५०८, सेकंदांत. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे अभियंते वेगाच्या चाचण्या घेत होते. लॉगिनचा प्रयत्न पूर्वी ०.२९९ सेकंदांत उरकायचा, तो ०.८०७ सेकंद घेऊ लागला होता. दुसरं कुणी खांदे उडवून पुढे गेलं असतं. फ्रॉइंड खोदत गेले आणि २९ मार्चला जगाला कळलं की फाइली आवळणाऱ्या 'एक्सझेड' या छोट्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा आहे. त्याच्या धोक्याला गुण मिळाले १० पैकी १०.

तो चोर पॅकेज बनवण्याचा धंदा कोळून प्यायलेला होता. वाईट कोड चाचणीच्या फाइलींत दडवलेला. तो जागा करणारी स्क्रिप्ट सगळ्यांना दिसणाऱ्या सोर्समध्ये नव्हतीच. ती होती फक्त पॅकेजवाल्यांसाठी बांधून ठेवलेल्या गठड्यात. आणि जागा झालेला कोड आधी पाहायचा की शेजारी 'डेबियन' फोल्डरात 'रूल्स' फाइल आहे का, किंवा 'आरपीएम' या दुसऱ्या घराण्याचं पॅकेज बनवणं चालू आहे का. तीच ती तीन ओळींची फाइल. असेल तरच विष कालवायचं, नाहीतर साळसूद बसायचं. कुणी सहज कुतूहलाने सोर्स घेऊन कंपाइल केलं असतं तर काहीच सापडलं नसतं.

यातही एक 'थोडं' आहेच. लॉगिन सांभाळणाऱ्या ओपनएसएसएचला एक्सझेडची मुळात गरज नाही. डेबियन आणि इतर काहींनी, यंत्रावरच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीला 'मी सुरू झालो' असं कळवण्याची सोय आपल्या पॅकेजात जोडली होती, आणि त्या जोडणीच्या मागोमाग एक्सझेडची लायब्ररी आत आली होती.

बटणांच्या आणि एकमेकांवर अवलंबून पॅकेजेसच्या गुंत्यावर एक उपाय एल्को डॉल्स्ट्रा यांनी नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात सुचवला; २००६ चा त्यांचा प्रबंध त्यावरच आहे. त्या उपायाचं नाव 'निक्स'. कल्पना अशी: माणसाने ठेवलेल्या नावावर भागवायचं नाही, पॅकेजची ओळख त्याच्या घटकांवरून काढायची. सोर्स, पॅच, बटणं, कंपायलर, त्या कंपायलरचा कंपायलर, सगळं एकत्र घुसळून १६० बिटांची एक खूण काढायची आणि ती ३२ अक्षरांत लिहायची. एक बटण फिरवलं की खूण वेगळी, म्हणून पॅकेज वेगळं, आणि दोन्ही एकाच यंत्रावर सुखाने राहतात. त्या ३२ अक्षरांच्या वर्णमालेतून रोमन लिपीतली ई, ओ, यू आणि टी ही चार अक्षरं मुद्दाम वगळली आहेत. का, तर योगायोगाने एखादी इंग्रजी शिवी तयार होऊ नये!

अशा खुणा किती होऊ शकतात? १४६ वर ४६ शून्यं. (हो, पुन्हा १४६. हा निव्वळ योगायोग.) दोन वेगळ्या पॅकेजेसची खूण चुकून एकच निघण्याचा खरा धोका यायला सुमारे १२ वर २३ शून्यं इतकी पॅकेजेस बनवावी लागतील. सेकंदाला एक कोटी बनवली तरी त्याला ३८३ कोटी वर्षं. पृथ्वीचं वय ४५४ कोटी आहे. निक्सच्या संग्रहात आज एक लाखाहून अधिक पॅकेजेस आहेत, तेव्हा काळजीचं कारण नाही. किंमत मात्र मोजावी लागते: मुळाशी असलेल्या सी लायब्ररीत एक अक्षर बदललं की वरच्या हजारो पॅकेजेसची नावं बदलतात आणि ती सगळी पुन्हा बिल्ड करावी लागतात.

आणि त्या मुळाच्याही मुळाशी काय? कंपायलर कंपाइल करायला कंपायलर लागतो. तोच लबाड असेल तर सोर्स कितीही वाचून उपयोग नाही, हे युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये छापून आलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवून दिलं. निक्सच्याच जातकुळीतल्या 'ग्विक्स'ने हा धागा शेवटपर्यंत ओढला. पूर्वी त्यांची सगळी पॅकेजेस सुमारे २५० मेगाबाइटच्या तयार, आंधळ्या विश्वासाने घेतलेल्या फाइलींवर उभी होती. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आता २२ हजारांहून अधिक पॅकेजेसचं झाड ३५७ बाइटांच्या एका बीजातून उगवतं. हे बीज एवढंच करतं: हाताने लिहिलेले आकडे वाचून त्यांचे बाइट करतं. त्यातून थोडा हुशार कार्यक्रम, त्यातून आणखी हुशार, असं करत जीसीसी नावाच्या कंपायलरची जुनी आवृत्ती, मग नवी, मग सगळं जग. बिल्ड हाकायला 'गाइल' या भाषेचा कार्यक्रम आणि कर्नल मात्र अजून तयारच घ्यावे लागतात, हेही त्यांनी लपवलेलं नाही.

३५७ बाइट म्हणजे किती? देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. म्हणजे ११९ चिन्हं. मराठीत दोन लांबट वाक्यंही पुरती बसत नाहीत.

स्वतःचं पॅकेज बनवणार असाल तर तीन गोष्टी करा. ते स्वच्छ, वेगळ्या आवारात बिल्ड करा. डेबियनमध्ये त्यासाठी 'एसबिल्ड' आहे. दोनदा बिल्ड करून दोन्ही गठडे बाइटशः जुळतात का पाहा. आणि प्रत्येक बदललेल्या ओळीशेजारी, का बदलली, ते लिहा.

आणि ३२ बिटी यंत्रासाठी पूर्वी कधी पॅकेज बनवून ठेवलं असेल तर ते शोधून काढा. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणारा ३२ बिटी काटा २,१४,७४,८३,६४७ वर भरतो, आणि पुढच्या सेकंदाला थेट १३ डिसेंबर १९०१ वर जाऊन पडतो. ट्रिक्सीसाठी डेबियनने हजाराहून अधिक लायब्ररी-पॅकेजेसना 'टी६४' असं शेपूट लावून हा काटा ६४ बिटी करून घेतला; जुन्या ३२ बिटी पीसींची आय३८६ शाखा तेवढी जाणूनबुजून सोडली. तुम्ही घरी बनवलेलं पॅकेज मात्र त्यांच्या यादीत नाही, ते तुम्हालाच पुन्हा बिल्ड करावं लागेल. मुदत आहे मंगळवार, १९ जानेवारी २०३८, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद.